गाभ्याला हात लावण्याआधी

लोणी, ९ जून २०२४

आरती,

फोनवर बोललो की आपलं भांडण होतं आणि कामाचं राहून जातं, म्हणून मेलवर लिहितोय. सवडीने वाच.

आमच्या दूध संस्थेची साइट तू करून दिलीस, ती चांगली चालू आहे. सकाळी दूध घातलं की लिटर आणि फॅट ज्याच्या त्याच्या मोबाईलवर दिसतं, त्यामुळे सचिव म्हणून माझ्यामागची कटकट अर्धी झाली. पण लोकांना एक दिलं की दुसरं सुचतं. मुरघासाच्या चाऱ्याची नोंदणी मागितली, तू दिलीस. सभेच्या सूचना मागितल्या, त्याही दिल्यास. दोन्ही वेळा दुधाचं पान बिघडलं. लोक माझ्यावर ओरडले, मी तुझ्यावर. तू म्हणालीस की दरवेळी सगळी साइट उसवून परत शिवावी लागते. ते मला कळत नाही असं नाही. अण्णा गेल्यावर घर माझ्यावर आलं आणि कॉलेज सुटलं, तरी मंचरला दोन वर्षं मी हेच शिकत होतो.

आताची मागणी मात्र टाळता येणारी नाही. मागच्या पावसाळ्यात घटसर्प आला. जनावराचा गळा सुजतो आणि वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर दिवसभरात जनावर जातं. एका वस्तीवरची गाय गेली तरी पलीकडच्या वस्तीला दुसऱ्या दिवशी कळायचं. लोकांचं म्हणणं, साइटवर एक बटण द्या. ते दाबलं की डॉक्टरला निरोप जावा आणि आजूबाजूच्या गोठ्यांनाही कळावं.

पाऊस लागायच्या आत होईल का? मावशीशी फोन झाला तर तिला माझा नमस्कार सांग.

आदेश


१६ जून २०२४

आदेशदादा,

सकाळपासून इकडे लाईट नव्हती, त्यामुळे हे तुकड्यातुकड्याने लिहिलंय.

आत्ताच्या साइटमध्ये आणखी काही टाकायचं नाही असं मी ठरवलंय. मी ती एकसंध केली, तीच चूक झाली. दूध, मुरघास, सूचना सगळं एकमेकांत गुंतलंय. आता नव्याने बांधते. वेगवेगळे भाग जुळवून साइट उभी करायची फ्रेमवर्कं असतात, तसल्या एकावर. मधे छोटासा गाभा ठेवायचा. त्याला फार काही कळू द्यायचं नाही. आत आलेला माणूस कोण, कुठल्या गावचा, त्याला पान कसं दाखवायचं, निरोप कसा धाडायचा, एवढं पुरे. दूध म्हणजे काय हे गाभ्याला माहीतच नसेल. ते दुधाच्या भागाला माहीत. आजारी जनावराचा भाग निराळा. या भागांना मी जोड म्हणते. तू ट्रॅक्टरला रोटर लावतोस, ट्रॉली लावतोस, त्यासाठी ट्रॅक्टर खोलत नाहीस ना, मागची जोडणी ठरलेली असते. तसंच हे.

नियम दोनच. एका जोडाने दुसऱ्याच्या आत हात घालायचा नाही, काही हवं तर मागायचं. आणि एखादा बंद पडला तर पानावरचा त्याचा चौकोन तेवढा बंद, बाकीचं चालू राहिलं पाहिजे.

याला दिवाळी उजाडेल. तोवर जनावर आजारी पडलं तर फोनच करा. आणि जोड सगळे मीच लिहीन. मधेच कोणी हात घातला तर मला निस्तरता येणार नाही.

आरती


लोणी, ४ ऑगस्ट २०२४

आरती,

रागावू नकोस. मी थांबलो नाही.

पाऊस सुरू झाला आणि लोक रोज विचारायला लागले. तू पुण्यात नोकरी सांभाळून हे करणार, तुला दिवाळी म्हणजे जवळची वाटते. इथे दिवाळीपर्यंत काय काय होऊन जाईल. म्हणून मी जुन्याच साइटमध्ये बसून आजारी जनावराचं बटण केलं. दुधाच्या पानावरच ठेवलं, कारण तेच पान लोक रोज उघडतात. पहिल्या आठवड्यातच तीन ठिकाणी उपयोग झाला. डॉक्टर म्हणाले, आता कुठल्या वस्तीवर आधी जायचं ते घरातनं निघतानाच कळतं.

कुशाबाई आठवते का? आमच्या बांधाला लागून तिचा गोठा आहे. नवरा गेल्यावर दोन गायींवर एकटीने घर चालवते. तिला मोबाईलचा फार कंटाळा. पण बटण दाबायला मी शिकवलं तर म्हणाली, "लई सोपं हाय की रं."

तुझं नवीन होईल तेव्हा होऊ दे. माझं काही अडलेलं नाही.

आदेश


५ ऑगस्ट २०२४

दादा,

मी तुझा कोड उघडून पाहिला. ते बटण आजच्या आज काढ.

डॉक्टरचं नाव तू दुधाच्या नोंदीच्या मधोमध वाचतोस. ते नाव कधी रिकामं राहिलं तर पूर्ण पान अडकेल. आणि निरोप गेला की नाही हे बघायच्या आधीच तुझं बटण "निरोप गेला" असं दाखवतं. चालतंय तोवर चालेल.

मी नोकरी सांभाळून करते की कसं करते, ते माझं मी बघेन.

आरती


लोणी, २० सप्टेंबर २०२४

आरतीताई,

मी स्नेहल. तुम्हाला मी कधी लिहिलं नाही, त्यामुळे नवल वाटेल. यांना न सांगता लिहितेय.

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या डॉक्टरांची बदली झाली. यांनी साइटवरून त्यांचं नाव काढलं. नवीन डॉक्टर हजर झाले की त्यांचं नाव घालू म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत दुधाची नोंदच होईना. पान नुसतं गोल फिरत राहायचं. सगळे रांगेत खोळंबले. हे दिवसभर तेच दुरुस्त करत बसले.

त्याच सकाळी कुशाबाईंच्या मोठ्या गायीचा गळा सुजला होता. त्यांच्या मोबाईलवर पान आधीचं उघडलेलं होतं, त्यावर त्यांनी बटण दाबलं. निरोप गेला असं आलं. म्हणून त्या गायीजवळ बसून राहिल्या. आमचं घर हाकेच्या अंतरावर आहे, पण आल्या नाहीत. निरोप गेलाय म्हटल्यावर कशाला येतील? संध्याकाळी धारेच्या वेळी मी सहज तिकडे गेले तेव्हा कळलं. मग फोन केला, शेजारच्या गावचे डॉक्टर आलेही, पण उपयोग झाला नाही. गाय गाभण होती.

यांना कुशाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त राहिलेल्या गायीचं दूध आमच्या डेअरीत घालायचं बंद केलं. आता पलीकडच्या गावच्या गाडीला देतात. त्या दारावरून गेल्या की हे आत निघून जातात. साइट यांनी पूर्ण बंद करून टाकली. डेअरीत पुन्हा हाताने लिहितात. कोणी विचारलं तर सांगतात की ते आपलं काम नव्हे.

तुमच्या दोघांत काय झालंय मला माहीत नाही. पण हे दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाहीत. पुण्याहून एक दिवस येता आलं तर बघा.

स्नेहल


निमगाव सावा, २२ सप्टेंबर २०२४

आदेशदादा,

वर गावाचं नाव आहे ते बघ. मी पुण्यात नाही. कंपनीने मे महिन्यात बऱ्याच जणांना काढलं, त्यात मी होते. खोली सोडून आईकडे आले. तुला सांगू नकोस असं तिला मीच बजावलं. नातेवाईकांत बातमी फिरायच्या आत दुसरी नोकरी मिळेल असं वाटत होतं. मिळाली नाही. दिवसभर तुझ्या संस्थेची नवी साइट बांधत बसायचे, कारण दुसरं काही हातात नव्हतं. जोड सगळे मीच लिहीन असं म्हणाले, त्यातलं निम्मं हे कारण होतं. निदान एवढं तरी माझं असावं, असं वाटायचं.

वहिनींचं पत्र आलं. त्यांना बोलू नकोस.

तुझ्या बटणात खोट होती हे मी तुला कळवलं होतं. पण मी ते दोन ओळीत, रागाने कळवलं, आणि तासाभराच्या अंतरावर असून घरात बसून राहिले. आणि एक नाव रिकामं राहिलं म्हणून पूर्ण पान आडवं व्हावं, अशी साइट मुळात मी केली होती. तुझा कोड तिथे बसला एवढंच. त्यामुळे ते तुझं एकट्याचं काम आहे असं धरून बसू नकोस.

नवीन गाभा तयार आहे. दुधाचा जोड बसतो. आजारी जनावराचा अजून लिहिलेला नाही, तो आपण दोघांनी लिहायचा. तुला गोठे माहीत आहेत, मला नाहीत. भाद्रपदी पोळ्याला मी आईला घेऊन लोणीला येते. नको म्हणायचं असेल तर फोन कर, पण मग भांडण होईल.

आरती


लोणी, १२ नोव्हेंबर २०२४

आरती,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होतो. दिवाळी झाली, आता बसलो.

तू मावशीसोबत आलीस, चार दिवसांसाठी म्हणून, आणि तीन आठवडे राहिलीस. मला वाटलं होतं तू शिकवशील आणि मी ऐकेन. तसं झालं नाही ते बरं झालं. गोठ्यात हात ओले असतात, तेव्हा नाव टाईप करायला लावू नये. डॉक्टर नसेल तर निरोप पुढच्या डॉक्टरकडे जावा. तिथेही पोचला नाही तर माझा फोन वाजावा, हे मी सांगत गेलो आणि तू लिहीत गेलीस. नंतर नंतर मी लिहायला लागलो आणि तू चहा पीत बसायचीस. मुरघासाचा जोड तर पूर्ण माझा आहे.

कुशाबाईकडे आपण दोघं गेलो त्या दिवसाबद्दल लिहायचं होतं. मी जायला तयार नव्हतो, तू ओढून नेलंस. ती भाकरी थापत होती. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. तू तिच्यासमोर मोबाईल धरलास आणि आजारी जनावराचा जोड मुद्दाम बंद केलास. दुधाचं पान तसंच चालू राहिलं, आणि बटणाच्या जागी अक्षरं आली: हे सध्या बंद आहे, निरोप जाणार नाही, फोन करा. खाली नंबर. तू वाचून दाखवलंस.

तिने तवा उतरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गाय गेली त्याचं मी तुला काय बोलले न्हाई, आदेश. जनावर हाय, जातं. पर गेला निरोप म्हनून मी दिसभर तिच्यापाशी बसून व्हते. तिला सांगत व्हते, येतोय डाक्टर. त्याचं मला लागलं."

निघताना ती म्हणाली, "बंद असंल तर बंदच सांगंल ना ते? मंग राहू दे माझ्या मोबाईलात."

तिचं दूध अजून आमच्याकडे येत नाही. पण काल सकाळी तिने बटण दाबलं होतं, वासराला हगवण लागली म्हणून. नवीन डॉक्टर जाऊन आले. वासरू ठीक आहे.

तुझं पुढचं काय ठरलं?

आदेश


निमगाव सावा, १९ जानेवारी २०२५

दादा,

नोकरी अजून नाही, पण काम मिळालंय. आमच्या इथल्या पाणी वापर संस्थेला कालव्याच्या पाळ्यांचा जोड हवाय, आणि बेल्ह्याच्या बाजूच्या दोन दूध संस्थांना तुझीच साइट हवीय. गाभा तोच ठेवायचा, गावाप्रमाणे जोड बदलायचे. एका गावचं मोडलं तर दुसऱ्याला धक्का लागत नाही. आईला आता कोणी विचारलं तर ती सांगते, पोरगी घरूनच काम करते. तिला ते खरं वाटायला लागलंय आणि मलाही.

आता दुसरं. घोडेगावहून कोणा जयाचा फोन आला होता, तुझं नाव सांगत होती. डोंगरातल्या गावांसाठी गाड्यांचा जोड करायचाय म्हणाली. खाली जाणारी गाडी कोणती, जागा आहे का, वगैरे. मी तिला म्हटलं, काय हवं ते लिहून पाठव, मी करते. तर म्हणाली, "न्हाई ताई, मी लिवलाय थोडा. बसतोय का ते फक्त बघायचंय."

तू तिला जोड लिहायची रीत आणि आतली परवानगी मला न विचारता दिलीस? ती कोण, किती शिकलेली, काही माहीत नाही. जुन्या साइटवर काय झालं ते इतक्यात विसरलास?

आरती


लोणी, २१ जानेवारी २०२५

आरती,

विसरलो नाही, विसरणारही नाही.

लसीकरणाच्या कामासाठी मी घोडेगावला पंचायत समितीत गेलो होतो. स्टँडसमोर ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथे जया कामाला असते. गाव तिचं वर, भातखाचरांचा मुलूख. ग्रॅज्युएट आहे, कोड यूट्यूबवर शिकली. माझ्या मोबाईलवरची साइट बघून तिने विचारलं की यात आमचं काही लावता येईल का. तिकडे एसटी दिवसातून एकदोनदा, आणि पावसात रस्त्यावर दरड आली की तीही नाही. वरून खाली जीप, पिकअप येत-जात असतात, पण कोण कधी निघणार ते कोणाला कळत नाही. माणसं फाट्यावर बसून राहतात.

मी तिला तू लिहिलेली रीत दिली. त्यात पहिल्याच ओळीत तू लिहिलंयस की गाभा न उघडता कोणालाही जोड लिहिता येईल. कोणालाही म्हणजे आरतीला, असं मी वाचलं नाही.

तिचा जोड बिघडला तर तिचाच चौकोन बंद पडेल. हे तूच कुशाबाईच्या चुलीपुढे करून दाखवलंस. त्यावर तुझा विश्वास आहे की नाही, तेवढं सांग.

आदेश


घोडेगाव, १८ जुलै २०२५

महोदय / महोदया,

मी जया. आपल्या साइटवर "खाली जाणारी गाडी" हा जोड मी चालवते. ही साइट नेमकी कोणाकडे आहे ते मला माहीत नाही. एका ताईंशी जानेवारीत फोनवर बोलणं झालं होतं, पण नाव विचारायचं राहिलं. आदेशभाऊंनी हा पत्ता दिला.

जोड चालवणाऱ्यांसाठी आपली सूचना आली आहे की येत्या रविवारी गाभ्यात निरोप पाठवायची पद्धत बदलणार. सूचनेसोबत बदललेल्या गाभ्याची नक्कल होती, त्यावर मी माझा जोड लावून पाहिला. बंद पडतो. नवीन पद्धतीत निरोप ज्याला जायचा त्याचं गाव आधी ठरलेलं लागतं. गोठ्याला किंवा शेताला ते चालेल. माझे निरोप गाडीला जातात, आणि गाडी एका गावात थांबलेली नसते.

सध्या आमच्याकडे भाताची आवणी चालू आहे, रोपं लावायला सगळी माणसं खाचरात आहेत. मंगळवारी आमच्या वस्तीवरच्या साळुबाई बांधावरून घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. दरडीमुळे एसटी बंद होती, लहान गाड्या तेवढ्या निघत होत्या. त्यांच्या सुनेने जोडावर मागणी टाकली. वरच्या गावातून रामदास नावाचा पिकअपवाला निघाला होता, त्याला निरोप मिळाला. त्याने आमच्या वस्तीकडे गाडी वळवली, मागचं सामान उतरवून गादी टाकली आणि घोडेगावला आणलं. तिथून पुढे ॲम्ब्युलन्स मिळाली. आता त्या दवाखान्यात आहेत, तब्येत ठीक आहे.

म्हणून विनंती आहे की रविवारी गाभ्याला हात लावू नये. माझ्या जोडात मी दुरुस्ती करते, पण मला दुकान सुटल्यावरच वेळ मिळतो आणि रविवारी घरी आवणी आहे. आठ-दहा दिवस द्यावेत. आणि निरोपासाठी गाव सक्तीचं न ठेवता मोकळं ठेवता आलं, तर पुढे इतरांनाही बरं पडेल. ते कुठे बदलावं लागेल, ते सोबत लिहिलं आहे.

कळावे,
जया


निमगाव सावा, २८ जुलै २०२५

आदेशदादा,

जयाचं पत्र तुला पाठवलं होतं, ते वाचलंस म्हणालास. पुढचं सांगते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. हात लावू नये, असं मला कोणी या गाभ्याबद्दल सांगितलं नव्हतं. मग तिने सांगितलेल्या जागी जाऊन करून पाहिलं. तिचं बरोबर होतं. ज्याला निरोप जायचा तो एका जागी असतो, हे मी धरूनच चालले होते. तू, मी, आपले सगळे गोठे आणि विहिरींवरच्या मोटारी जागच्या जागी असतात ना. मला ते कधी सुचलंच नसतं.

रविवारचा बदल पुढे ढकलला. सगळ्या जोडवाल्यांना तसं कळवलं. जयाला साइटच्या नावाने उत्तर दिलं की तुम्ही सांगाल तेव्हा करू, आणि गाव मोकळं ठेवतोय. खाली माझं नाव घातलं नाही, राहून गेलं.

त्या रविवारी काम उरलं नाही, आणि घरात बसवेना. सोमवारी आईच्या नावचा सातबारा उतारा काढायचं निमित्त करून घोडेगावला गेले. तुझं ते दुकान सापडलं. आत बरीच गर्दी होती. जया म्हणजे बारीक चणीची मुलगी आहे, एकीकडे लोकांचे फॉर्म भरत होती आणि दुसरीकडे तिचा मोबाईल सारखा वाजत होता. वरच्या गावचा एक म्हातारा बाकावर बसला होता. तिने त्याला सांगितलं की जीप निघालीय, स्टँडच्या मागच्या बाजूला थांबेल. तो आरामात उठून गेला. धावला नाही की कोणाला विचारलं नाही.

माझा नंबर आला. उतारा निघेपर्यंत मी तिच्या स्क्रीनकडे बघत उभी होते. तिथे तिचा कोड उघडा होता, मधेमधे वेळ मिळेल तसं ती दुरुस्त करत होती. एका ओळीत अडकली होती. मी बोट ठेवून म्हटलं, इथे गाव रिकामं सोडलं तरी आता चालेल.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी पन जोड लिवता का?"

मी कोण ते सांगणार होते. पण मागे रांग होती, आणि तिचा मोबाईल पुन्हा वाजला.

"लिहिते," मी म्हटलं.

"मंग बसा ना जरा," ती म्हणाली, आणि पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. "हे संपलं की दाखवते."

मी संध्याकाळपर्यंत बसले.

आरती